नाशिकचा हिरा आणि दख्खनच्या लुटीचे दप्तर

पेशवाईच्या अखेरच्या पर्वात ज्या एका पुरुषाला स्वाधीन करण्याच्या मागणीवरून इंग्रज आणि पुणे दरबार यांच्यातील उरलेसुरले सख्य संपुष्टात आले, तो त्र्यंबकजी डेंगळे हा संगमनेर तालुक्यातील निमगाव जाळीचा पाटील होता. आणि ज्या युद्धात तो कायमचा कैदी झाला, त्याच युद्धात नाशिक प्रांतीचा तो विख्यात हिरा कंपनी सरकारच्या हाती पडला, जो नाशिकचे नाव घेऊन पुढे लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्क येथील पेढ्यांतून फिरत राहिला. प्रवरेच्या खोऱ्यातला हा मुत्सद्दी आणि गोदावरीच्या उगमाशी वसलेल्या त्र्यंबकेश्वराशी ज्याचे नाव परंपरेने जोडले जाते ते हे रत्न, यांच्या कथा निरनिराळ्या सांगण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. डेंगळ्याची कथा राजकारणाच्या इतिहासात येते, हिऱ्याची कथा रत्नपारख्यांच्या ग्रंथांत येते, आणि दोहोंची गाठ सहसा पडत नाही. वस्तुतः दोन्ही एकाच दप्तरातील कागद आहेत, आणि ते एका बैठकीत वाचल्यावाचून आपल्या देशातील मौल्यवान वस्तू परदेशी गेल्या त्या कोणत्या मार्गाने व कोणत्या न्यायाने गेल्या, याचा उलगडा होत नाही.

त्र्यंबकजी वर आला तो पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या जासूदगिरीतून. १८०२ साली यशवंतराव होळकराने पुणे घेऊन बाजीरावाला कोकणात पळावयास लावले, तेव्हा महाडच्या मुक्कामाहून पत्र नेऊन अल्पावधीत त्याचे उत्तर आणून देणारा हा चलाख जासूद धन्याच्या नजरेत भरला, आणि पुढील दहा-बारा वर्षांत पेशव्याच्या कारभाराची बहुतेक सूत्रे त्याच्या हाती आली. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरास त्यांचा खून झाला, रेसिडेंट एल्फिन्स्टनने तो आरोप त्र्यंबकजीवर ठेवला, आणि पुष्कळ आढेवेढे घेतल्यानंतर बाजीरावाने आपल्या या लाडक्या कारभाऱ्याला इंग्रजांच्या हवाली केले. त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले होते. तेथून १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री तो निसटला. एका इंग्रज अंमलदाराच्या पागेत चाकरीस राहिलेल्या मराठी मोतद्दाराने घोड्याला खरारा करता करता गाण्यांतून त्याला सुटकेचा बेत कळविला, ही हकीकत खुद्द इंग्रज लेखकांनी मोठ्या रसिकतेने नमूद केली आहे. सुटल्यावर नाशिक, संगमनेर, खानदेश व बागलाण या टापूतील डोंगरांत आणि नंतर महादेवाच्या डोंगरांत तो माणसे जमवीत फिरला. हा मुलूख त्याच्या जन्माचा, येथल्या घाटवाटा त्याच्या पायाखालच्या. पाटलाच्या पोराला गावोगाव भाकरी आणि बातमी या दोन्ही गोष्टी मिळत गेल्या, त्यात नवल नाही.

त्या दिवसांत संगमनेरात शाहीर अनंत फंदी हयात होते. सवाई माधवरावांच्या निधनावर काव्य रचणारे हे वृद्ध कवी १८१९ साली वारले, म्हणजे त्या राज्याचा अंतही त्यांना पाहावा लागला. आपल्याच परगण्यातील एका पाटलासाठी राज्य पणास लागलेले त्यांनी पाहिले, आणि त्यांच्या मागे शाहिरांना आश्रय देणारा पुण्याचा दरबार उरला नाही.

मे १८१७ मध्ये बाजीरावाकडून त्र्यंबकजीला महिन्याच्या आत धरून देण्याचे वचन घेतले गेले, तारण म्हणून सिंहगड, पुरंदर व रायगड मागण्यात आले आणि जूनमध्ये पुण्याचा तह त्याच्यावर लादला गेला. या अपमानाची परिणती ५ नोव्हेंबरला खडकीच्या लढाईत झाली. बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले आणि पेशवा मुलूखभर धावू लागला. तो उत्तरेकडे आला असता डिसेंबरात ओतूरच्या बाजूस त्र्यंबकजी त्याला येऊन मिळाला. तेथून फौज पुन्हा पुण्याच्या रोखाने वळली आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावास भीमेकाठी झुंज झाली. फेब्रुवारीत अष्टीस पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. एप्रिलमध्ये मॅक्डोवेलच्या इंग्रज फौजेने नाशिक प्रांतात उतरून एकामागून एक डोंगरी किल्ले घेतले आणि त्र्यंबकचा दुर्घट किल्लाही महिनाअखेर खाली झाला. ३ जून रोजी बाजीरावाने इंग्रज सेनानी माल्कमच्या छावणीत येऊन राज्यावरचा हक्क सोडला आणि सालिना आठ लाखांच्या तनख्यावर गंगातीरी ब्रह्मावर्ताचा मार्ग धरला.

धन्याचा असा बंदोबस्त लागला. चाकराचा निराळा लागला. त्र्यंबकजी नाशिक प्रांतातील आहेरगावी दडून बसला होता. कॅप्टन स्वॉन्स्टनने स्वार घेऊन गावाला वेढा दिला आणि गवतात लपलेल्या त्र्यंबकजीला बाहेर काढले. काशीच्या दक्षिणेस, गंगेच्या काठी असलेल्या चुनारच्या किल्ल्यात त्याची रवानगी झाली. १८२४ साली बिशप हेबर त्याला तेथे भेटले. ठाण्याच्या सुटकेवर त्यांनी एक पोवाडावजा इंग्रजी काव्यही लिहिले. १८२९ मध्ये त्र्यंबकजी चुनारलाच वारला. प्रवरेचे पाणी त्याला पुन्हा दिसले नाही.

आता हिऱ्याकडे वळू. हा गोवळकोंड्याच्या बाजूच्या खाणींतला, वजनाने सुमारे नव्वद कॅरट, पाण्याने निळसर शुभ्र, आणि हिंदी कारागिरांनी आपल्या जुन्या पद्धतीने घडविलेला असा होता. परंपरा सांगते की तो त्र्यंबकेश्वराच्या ठेव्यातला, शिवाच्या अलंकारातला. त्या देवळाची आजची काळ्या पाषाणाची वास्तू नानासाहेब पेशव्यांच्या आज्ञेने उभारली गेली. पेशव्यांचे आणि या देवस्थानचे नाते उपासकाचे आणि आश्रयदात्याचे, असे दुहेरी होते. अशा नात्यात देवाचा जामदारखाना आणि राजाचा जवाहिरखाना यांच्यामधील भिंत नेहमीच पातळ असते. संकटकाळी देवाचे द्रव्य राजाच्या संरक्षणात जाते आणि राजाचे द्रव्य देवाच्या पायाशी ठेवले जाते. कोणत्या दिवशी काय कोणाचे होते, हे कारकुनाच्या यादीवाचून सांगता येत नाही. युद्धाच्या धामधुमीत हा हिरा बाजीरावाच्या जडजवाहिरातला म्हणून जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याच्या हाती आला. हाच ब्रिग्ज पुढे खानदेशचा कारभार पाहू लागला आणि फेरिश्त्याच्या फारसी तवारिखेचे इंग्रजी भाषांतर करून विद्वान म्हणून मान्यता पावला. त्याने हिरा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जकडे पोहोचता केला, आणि हेस्टिंग्जने तो युद्धातील लूट म्हणून कंपनीच्या हिशेबी धरला.

येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण साऱ्या प्रकरणाचे मर्म या ठिकाणी आहे. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याहून एल्फिन्स्टनने जो जाहीरनामा काढला, त्यात बाजीरावाचे राज्य खालसा केल्याचे सांगतानाच रयतेची वतने, इनामे, वर्षासने आणि देवस्थाने व धर्मादाय सुरक्षित राहतील असे अभिवचन होते. म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या शब्दाप्रमाणे बाजीरावाची वस्तू लुटीस पात्र होती आणि देवाची वस्तू अस्पर्श्य होती. हिरा पेशव्याचा मानला तर तो लष्कराच्या वाटणीत जाणार, देवाचा मानला तर त्र्यंबकेश्वरी परत जाणार. या प्रश्नाची रुजवात कोणी केली नाही. देवळाच्या पुजाऱ्यांना बोलावून जबानी घेतली नाही, जामदारखान्याचे कागद मागवून पाहिले नाहीत. सरदारांच्या गावगन्ना इनामांची वर्षानुवर्षे बारकाईने चौकशी करणाऱ्या त्या सरकारने, सबंध दख्खनच्या लुटीत ज्याचे नाव सर्वांत अधिक गाजले त्या एका रत्नाच्या मालकीविषयी मात्र चौकशीची गरज पाहिली नाही. माझ्या मते अन्याय झाला तो या ठिकाणी, आणि तो तलवारीने झालेल्या अन्यायाहून मोठा आहे. कारण येथे न्याय करण्याची साधने हाताशी होती, वचन ताजे होते, आणि तरीही गप्प राहण्यात सोय पाहिली गेली.

इंग्रजी लष्कराच्या लुटीची व्यवस्था समजून घेतल्यावाचून हे नीट कळावयाचे नाही. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्ली याने अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा राजवाड्यातील वस्तूंवर शिपाई तुटून पडले. हा धिंगाणा आवरण्यासाठी वेलस्लीने दोन हिंदी शिपायांना वेशीत फाशी दिले. शिपायाने आपल्या हाताने उचलले तर तो गुन्हा होता, लष्कराने मिळून, याद करून, लिलाव करून वाटून घेतले तर तो हक्क होता. प्रत्येक मोहिमेत अधिकारी आपल्यातून प्राइझ एजंट निवडीत. ते हस्तगत झालेल्या मालाची मोजदाद करीत, किमती ठरवीत, विकण्याजोगे छावणीत किंवा मुंबईस विकीत आणि आलेली रक्कम हुद्द्याप्रमाणे वाटीत. सेनापतीचा हिस्सा एकअष्टमांश, तर साध्या शिपायाच्या पदरात पडे ती किरकोळ रक्कम. ही सगळी वाटणी अखेर ब्रिटिश राजाच्या मर्जीने होई, कारण युद्धात जिंकलेल्या वस्तूचा मूळ मालक राजा, असे त्यांचे शास्त्र होते.

दख्खनची लूट ही या शास्त्राची मोठी कसोटी ठरली. सर टॉमस हिस्लॉपचे दख्खनी सैन्य म्हणे, किल्ले आम्ही घेतले, लूट आमची. हेस्टिंग्ज म्हणे, साऱ्या हिंदुस्थानभर पसरलेली मोहीम एकच, तिचा सरसेनापती मी, तेव्हा उत्तरेकडील माझ्या फौजेलाही हिस्सा हवा. हा तंटा लंडनला ट्रेझरीपुढे गेला; दोन्हीकडून नामांकित वकील उभे राहिले, आणि १८२३ साली ज्यांनी प्रत्यक्ष काबीज केले त्यांचा हक्क मोठा, या तत्त्वावर निकाल झाला. लुटीच्या विश्वस्तांत ड्यूक ऑफ वेलिंग्टन होते. हे वेलिंग्टन म्हणजे नगरच्या वेशीत दोन शिपायांना लुटीबद्दल फाशी देणारे तेच आर्थर वेलस्ली. अर्जविनंत्या, पुरवण्या, फेरतपासण्या यांत वर्षे गेली, आणि त्या अवाढव्य दप्तरात हिस्लॉपचा हक्क किती, हेस्टिंग्जचा किती, मुंबईच्या पलटणींचा किती, यांची चर्चा पाने भरभरून सापडते. ज्यांच्याकडून माल घेतला त्यांचा हक्क हा मुद्दाच तेथे उपस्थित होत नाही.

एका माणसाने तो उपस्थित केला. रायगडच्या किल्लेदारीवर असलेले नारो गोविंद औटी यांच्या पुण्यातील घरातून, लढाई आटोपत आली असता, कॅप्टन रॉबर्टसनने मोठी रोकड जप्त केली होती; ही पेशव्याची ठेव, असे सरकारचे म्हणणे, आणि ही खाजगी दौलत, असे औट्यांच्या वारसपक्षाचे. त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एल्फिन्स्टन आणि कंपनी यांच्यावर फिर्याद केली, आणि कोर्टाने तिचा निकाल फिर्यादीच्या बाजूने दिला. परंतु अपिलात १८३० साली प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. जप्ती युद्धाच्या ओघात शत्रुभावाने झाली, अशा जप्तीचा न्याय करण्याचा अधिकार मुलकी कोर्टाला नाही, असे ठरले. पुण्यात त्या वेळी शांतता होती, बाजार चालू होते, कंपनीचे न्यायाधीश नेमले गेले होते, ही हरकत कामास आली नाही. एका किल्लेदाराच्या वारसपक्षाला जो दरवाजा बंद झाला, तो त्र्यंबकेश्वराच्या एखाद्या पुजाऱ्याला उघडला असता, असे म्हणवत नाही.

लूट आमच्याकडे नव्हती असा दावा मी करीत नाही, आणि संगमनेरकराने तर तो करूच नये. १६७९ च्या अखेरीस शिवाजी महाराज जालन्याची लूट घेऊन परतत असता मोगलांनी त्यांना संगमनेरजवळ गाठले; तुंबळ लढाई झाली, सिधोजी निंबाळकर पडले, आणि बहिर्जी नाईकाने आडवाटेने फौज पट्ट्याच्या किल्ल्यावर नेली, तेव्हा महाराजांना विसावा मिळाला; म्हणून तो गड विश्रामगड. जालन्याच्या व्यापाऱ्यांनी त्या दिवशी काय सोसले असेल, याची कल्पना करणे इतिहासकाराचे कर्तव्यच आहे. तथापि त्या काळच्या स्वाऱ्यांतील द्रव्य याच देशातील किल्ल्यांच्या तटात, फौजेच्या पगारात, देवळांच्या शिखरांत आणि सोनारांच्या मुशीत फिरत राहिले. नाशिकचे रत्न गेले ते या फिरतीतून कायमचे गेले.

लंडनला हिरा राजघराण्याचे जवाहिरे रुंडेल आणि ब्रिज यांनी घेतला. किंमत अवघी तीन हजार पौंडांच्या घरातली. एवढे थोडे मोल का आले, याचे कारण त्याच्या घडणीत होते. आपल्याकडील कारागीर रत्नाचे वजन राखण्याला महत्त्व देत. मूळ खड्याचा आकार सांभाळून, दोष असेल तेथे बारीक पैलू पाडून, ते त्याची नैसर्गिक भव्यता कायम ठेवीत. युरोपातील रुची याच्या उलट होती. तेथे वजन गेले तरी चालेल, पण दिव्याच्या उजेडात लखलखाट झाला पाहिजे, असा दंडक होता. म्हणून नव्या मालकांनी तो पुन्हा घडवून घेतला आणि सुमारे नव्वद कॅरटांचे वजन अठ्ठ्याहत्तरांच्या थोडे वर येऊन राहिले. पुढे १८५२ मध्ये कोहिनूरचीही हीच गत झाली. १८६ कॅरटांचा तो हिरा १०५ कॅरटांवर आला. विजेत्यांची अभिरुची अशा रीतीने पराजितांच्या रत्नांवर पैलूंच्या रूपाने कोरली गेली, आणि जे हिंदी हातांनी घडविले होते त्याचा पृष्ठभाग सहाणेच्या चाकावर धुळीत गेला.

जुलै १८३७ मध्ये लंडनच्या विलिस रूम्समध्ये लिलाव झाला. त्यात राणी शार्लटकडे असलेले अर्काटचे हिरे आणि हा नाशिकचा हिरा एकाच दिवशी पुकारले गेले. एक कर्नाटकच्या नबाबाकडून गेलेला ऐवज, दुसरा पेशवाईतून. दोन्ही मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर यांनी घेतले. नाशिकच्या हिऱ्याला ७,२०० पौंड पडले. त्यांनी तो आपल्या समारंभी तलवारीच्या मुठीत बसविला, आणि जवळजवळ नव्वद वर्षे तो त्या घराण्यात राहिला.

त्यानंतरची एक घटना मला विशेष उद्बोधक वाटते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वेस्टमिन्स्टर घराण्याने तो पॅरिसच्या मोबुसाँ या जवाहिऱ्यामार्फत अमेरिकेत पाठविला. तेथील जकातीच्या कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या कलात्मक पुरावस्तूंना माफी होती, घडविलेल्या हिऱ्याला मात्र भारी जकात होती. नाशिकचा हिरा पुरावस्तू म्हणून जकातीवाचून आत घेण्यात आला, तेव्हा बेंडलर नावाच्या प्रतिस्पर्धी व्यापाऱ्याने हरकत घेतली. पहिल्या कोर्टाने त्याला कलात्मक पुरावस्तू मानले. अपिलाच्या कोर्टाने तो निकाल फिरवून ठरविले की हा केवळ घडविलेला हिरा, व्यापाराचा माल. ज्या वस्तूचे माहात्म्य तिच्या इतिहासामुळे होते, तिचा इतिहास कायद्याने अशा प्रकारे बाजूला काढला. त्र्यंबकेश्वराचे नाव तोवर तिच्या किमतीला रंग चढविण्यापुरते उरले होते. १९४० साली हॅरी विन्स्टन यांनी तो पॅरिसमध्ये घेऊन पुन्हा घडविला, आणि आता त्याचे वजन ४३.३८ कॅरट झाले. अर्ध्याहून अधिक हिरा, म्हणजे पेशव्यांनी पाहिलेला हिरा, अस्तित्वातच राहिला नाही. न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत बाईच्या अंगठीत तो काही काळ मिरवला, १९७० मध्ये पार्क-बर्नेटच्या लिलावात पाच लाख डॉलरांना विकला गेला, आणि १९७७ मध्ये लेबनॉनच्या रॉबर्ट मौवाड यांनी घेतला.

तो परत यावा अशी मागणी देवस्थानच्या बाजूने झाली आहे, आणि ती सर्वथा योग्य आहे. पण तिची वाट सोपी नाही. चोरट्या व्यापाराविरुद्धचा १९७० चा युनेस्को करार मागील काळाला लागू होत नाही, आणि हिरा सरकारी संग्रहालयात नसून खाजगी मालकीत गेला आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्यास आली ती तीन वर्षांच्या उसनवारीने. नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार २०२५ मध्ये राज्य सरकारला लिलावात बोली लावून घ्यावी लागली. एक मिळाली उधार, दुसरी विकत. न्यायाने परत मिळविण्याचा एक दाखला मात्र आपल्यापाशी आहे. तमिळनाडूतील पत्तूर येथील नटराजाच्या मूर्तीचा दावा १९९१ मध्ये लंडनच्या अपील कोर्टाने मान्य केला, तेव्हा जीर्ण देवळाला स्वतः फिर्यादी म्हणून उभे राहता येते, हे इंग्रजी न्यायासनाने स्वीकारले, आणि नटराज स्वदेशी आला. ती मूर्ती अलीकडे चोरून नेलेली होती, युद्धातील लूट नव्हती, हा फरक मोठा आहे. परंतु देवळाला आपल्या वस्तूसाठी स्वतः दावा करता येतो हे तत्त्व ज्या न्यायालयांनी मानले, त्यांच्यापुढे साताऱ्याचा तो जाहीरनामा ठेवता येतो.

त्यासाठी आधी कागद हवेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत, त्यांत जवाहिरखान्याच्या याद्या आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत कंपनीच्या दप्तरांत दख्खनच्या लुटीची प्रकरणे आहेत. मोडी वाचणारा आणि इंग्रजी लष्करी हिशेब समजणारा असा एखादा अभ्यासक दोन्हीकडे बसवून, १८१८ च्या उन्हाळ्यात नाशकात काय मोजले गेले, कोणाच्या नावे लिहिले गेले आणि देवाच्या यादीतले त्यात काय होते, याची शाबितीसह नोंद तयार करणे, हे काम सरकारने किंवा देवस्थानाने अजून हाती घ्यावयाचे आहे. दोन्ही दप्तरे उघडी आहेत आणि मोडी वाचणारे अद्याप आपल्यात आहेत.